चार पाचरींची काठी

मुलगा न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी आम्ही उभयता चार महिने त्याच्याकडे होतो. एका शनिवारी सकाळी तो म्हणाला, "बाबा, आईला मैत्रिणीकडे सोडू आणि आपण जरा पेनसिल्व्हेनियात जाऊन येऊ. एक काठी बघायची आहे." काठी म्हणजे पूल खेळायचा क्यू. किंमत तीन हजार डॉलर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मुकाट्याने गाडीचा पट्टा लावला.

आमच्या बँकेच्या जिमखान्यात बिलियर्डचे एक टेबल होते. भिंतीवर सहा क्यू. त्यांतला सरळ कोणता, हे टेबलावर लोळवून पाहायचे, एवढेच आमचे शास्त्र. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले, हे आम्हाला अभिमानाने ठाऊक. पण त्यांची काठी कोणी घडवली असेल, हा प्रश्न कुणाला सुचला नाही. अमेरिकेत याच प्रश्नावर माणसे रात्र रात्र वाद घालतात.

त्यात दोन तट आहेत. जुन्या वळणाच्या मंडळींना हवी असते ती चार पाचरींची काठी. पुढचा दांडा फिकट मेपलचा. त्यात चार बाजूंनी उतरत्या खाचा पाडायच्या, आबनूस किंवा शिसवीचे तुकडे सरसाने बसवायचे, कडेला रंगीत व्हिनियरचे पातळ पापुद्रे, आणि मग सारे लेथवर उतरवायचे. काठी गोल होत जाते तशी मेपलमधून चार काळी टोके वर चढताना दिसतात. मुठीला आयरिश लिननचा दोरा. बस. यापलीकडे नक्षी केली की या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही शिसवी पुष्कळदा आपल्या दक्षिणेकडची असते, हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले.

नव्या तटाचे म्हणणे असे, की संगणकावर चालणारे यंत्र लाकडात हवी ती वेलबुट्टी केसाचाही फरक न पडता कोरून देते, तर हातच्या चुका कशाला कवटाळायच्या? शिवाय खेळाचा प्रश्न आहेच. चेंडूला मध्यापासून बाजूला टोला दिला, की तो नेम धरलेल्या रेषेवरून किंचित ढळतो. काठीचे पुढचे टोक जितके हलके, तितके हे ढळणे कमी. म्हणून १९९० च्या दशकात खास हलक्या बांधणीचे लाकडी शाफ्ट आले आणि गेल्या दहाएक वर्षांत काळे कुळकुळीत कार्बन फायबरचे. ते पावसाळी हवेत वाकत नाहीत. मेपल वाकते.

परंपरावाल्यांचे दैवत जॉर्ज बालाबुश्का. १९१२ मध्ये रशियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला हा सुतार. १९५९ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये क्यू करू लागला आणि १९७५ मध्ये वारला. स्कॉर्सेसीच्या १९८६ मधील 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात पॉल न्यूमन तरुण टॉम क्रूझला बालाबुश्का देतो आणि तो पोरगा काठीकडे नुसता बघत राहतो. प्रत्यक्षात पडद्यावरची काठी बालाबुश्काची नव्हतीच. तशी दिसणारी, जॉस नावाच्या कंपनीची होती.

पण मला खरी मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या पाचरींसाठी लोक बालाबुश्काला हात जोडतात, त्या त्याने स्वतः पाडलेल्या नसतच. सुरुवातीला तो ब्रुन्सविक कंपनीचे कारखान्यात तयार झालेले पाचरी-दांडे घेई, पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी या कारागिरांकडून. त्याची करामत पुढची: वजन, तोल, सांधा, हाताला येणारा ठोक्याचा अनुभव. म्हणजे 'शुद्ध हस्तकले'च्या मुळाशी एक कारखाना आहे. मुलाला गाडीत हे म्हटले तर तो म्हणाला, "हे त्यांच्यासमोर बोलू नका बाबा."

'ते' म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे कारागीर. घरामागच्या गॅरेजात कारखाना. छताला लाकडे टांगलेली. वर्षानुवर्षे वाळवायची, अधूनमधून थोडीशी उतरवायची, वाकले तर फेकून द्यायचे, वाकले नाही तर पुन्हा टांगायचे. मुलाने तीन वर्षांपूर्वी नाव नोंदवले होते. त्यांनी कॉफी दिली आणि सरळ सांगून टाकले, की आता हात कापतो, पाचरी पाडणे जमणार नाही. भाच्याकडे संगणकाचे यंत्र आहे, त्यावर तो उत्तम करून देईल. किंवा हा एक दांडा आहे, बारा वर्षांपूर्वी मीच पाडलेला. याची एक पाचर थोडी बुटकी आहे, म्हणून विकला नाही. हवा असेल तर सहाशे कमी द्या.

मी भिंगातून पाहिले. तीन टोके एका रेषेत, चौथे गव्हाच्या दाण्याएवढे खाली. टोके मात्र सुईसारखी. यंत्राने कोरलेल्या नमुन्याची चारही टोके बरोबर एका उंचीवर होती, पण शेंड्याला किंचित बोथट. कोरणारे पातेच गोल फिरते, त्याला अगदी टोकदार कोपरा काढता येत नाही.

सदतीस वर्षे मी चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या. सही थोडी वेगळी असली तर आम्ही फारसे बिचकत नसू. नमुन्याशी तंतोतंत जुळणारी सही आली की मात्र भिंग काढायचो, कारण ती बहुधा गिरवलेली असायची. हे मी मुलाला सांगितले नाही. पैसे त्याचे, हात त्याचे. आणि खरे सांगायचे तर, ते दोन नमुने शेजारी ठेवून तिसऱ्या माणसाला विचारले असते तर त्याने यंत्राचाच उचलला असता.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा बुटक्या पाचरीचा द्या. पण पुढे कार्बनचा शाफ्ट लागेल असे आटे करा."

मला वाटले, म्हातारा आता उठून जाईल. त्यांनी दांडा हातात फिरवला, सांध्याकडे पाहिले आणि विचारले, "लीगमध्ये खेळतोस का?" मुलगा हो म्हणाला. "मग बरोबर आहे. पण मी मेपलचाही एक करून देणार. तो घ्यायलाच हवा. त्याचे पैसे नकोत."

काठी पाच महिन्यांनी आली, तोवर आम्ही पुण्याला परतलो होतो. दिवाळीत मुलगा आला तेव्हा मेपलचा शाफ्ट बरोबर घेऊन आला. तिकडे तो कपाटात पडून असतो, म्हणाला. आता तो माझ्या टेबलामागे उभा आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून दर रविवारी मी तो टेबलाच्या काचेवर लोळवून पाहतो. अजून सरळ आहे.