रागावून काय झालं असतं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी दरवर्षी एकच वाद. यजमानांना शेगाव, लेकीला समुद्र, धाकट्या चिरंजिवांना वाघ आणि सासूबाईंना कुठंच नाही! "मले कायले नेता बाप्पा, घर पाहाले कोनी पाह्यजे ना," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता वाघासाठी ताडोबाच्या सफारीचा खर्च पाच माणसांना झेपणारा नाही. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात वाघ न दिसता दिवस गेला तरच आम्हाला बरं वाटतं.

गेल्या वर्षी मात्र मीच ठरवलं, हेमलकशाला जायचं. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचं, आईविना राहिलेल्या जंगली प्राण्यांचं अनाथालय पाहायचं. कॉलेजात असताना विलास मनोहरांचं 'नेगल' वाचलं होतं, तेव्हापासूनची इच्छा. पण तेवढंच कारण नव्हतं. दोन गोष्टी मनात सलत होत्या.

पहिली घरातली. माझ्या बारा वर्षांच्या मुलानं गुलेलीनं एक होला पाडला. परसातल्या पेरूच्या झाडावर त्याचं घरटं होतं. दोन दिवसांनी झाडाखाली दोन्ही पिल्लं मरून पडलेली दिसली. माझा संताप झाला. मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा! तो रडला नाही, काही बोललाही नाही. त्यानंतर महिनाभर "हो", "नाही", "जेवायला दे", एवढंच आमचं बोलणं.

दुसरी बाहेरची. बचत गटांच्या कामामुळं माझं आसपासच्या खेड्यांत जाणं-येणं असतं. जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी बायकांपुढं भाषण दिलं होतं. सरपणासाठी जंगलात जाऊ नका, वाघाची भीती आहे, झाडं तोडू नका वगैरे. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावातली एक बाई मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेली होती. मी अगदी पोटतिडकीनं बोलत होते. तेवढ्यात मागं बसलेली एक म्हातारी उठली नि म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पन आमी चूल कायनं पेटवाव?" सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हतं.

आमट्यांचं नाव ऐकल्यावर सासूबाई चक्क तयार झाल्या. बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. "बाबाच्या लेकाचं हाय ना? मंग येतो मी," असं म्हणून त्यांनी स्वतःच चिवड्याचा डबा बांधला.

पहाटे निघालो. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी असं करत आलापल्ली गाठली. तिथून पुढं साठेक किलोमीटर दोन्ही बाजूंना जंगलच जंगल. गाडीतली बडबड आपोआप थांबली. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 ला इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा रस्ताही नव्हता. प्रकाशभाऊ आणि मंदाताई दोघंही डॉक्टर. मंदाताई तर भूलतज्ज्ञ. नागपुरात सुखानं दवाखाना चालला असता. त्याऐवजी त्या नवऱ्याबरोबर जंगलातल्या झोपडीत राहायला आल्या. सतरा वर्षं वीज नव्हती. हे सांगितल्यावर मोबाईलची बॅटरी संपली म्हणून कुरकुरणारी आमची लेक जरा वरमली.

प्रकल्पावर आधी फोन करून राहण्याचं विचारलं होतं. दुपारी थोडं टेकून आम्ही प्राणी पाहायला गेलो. प्रकल्पातला एक तरुण कार्यकर्ता बरोबर होता.

मोठ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयासारखा इथं थाट नाही. जिराफ नाही, झेब्रा नाही. आहेत ते आपल्याच रानातले जीव. बिबटे, अस्वलं, कोल्हे, नीलगायी, चितळ, साळिंदर, मगरी, मोर, घुबडं. म्हणजे ज्यांची नावं आपण म्हणींत आणि गोष्टींत रोज घेतो, पण ज्यांच्याकडं निवांत बघणं कधी होत नाही, असे.

सासूबाई पुढं आणि आम्ही मागं. त्यांचं बालपण जंगलाकाठच्या गावातलं. अस्वलापाशी त्या थांबल्या आणि नातवंडांना सांगू लागल्या, "चैतात मोह पडते ना, तवा हे आमच्या पयले झाडाखाली हजर राहे. आमी बायका डबा वाजवत जावो." कार्यकर्त्यानं मान डोलावली. अस्वलाला मोहफुलं आणि वाळवी फार आवडते. माणसंही मोह वेचायला पहाटेच निघतात आणि दोघांची गाठ पडते. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते, हे ऐकून लेकीनं "किती गोड!" म्हटलं. "गोड असंन, पन पिल्लू असलं का तिच्या वाटंला जाऊ नोको," सासूबाईंनी लगेच बजावलं.

साळिंदरापाशी मात्र त्यांची फजिती झाली. "हे काटे फेकून मारते," त्या म्हणाल्या. कार्यकर्ता हसून म्हणाला, "नाही आजी, फेकत नाही. काटे फुलवून उलटं अंगावर येतं आणि ते टोचून निघतात." सासूबाईंना सत्तर वर्षं धरलेली गोष्ट सोडणं जड गेलं. "असंन बाप्पा," एवढंच म्हणाल्या.

घुबडाला बघून मी स्वतःच दचकले. दिवेलागणीला घुबड ओरडलं की आमच्याकडं दाराला कडी लागते. पण हा पक्षी रात्रभर उंदीर टिपतो, शेतकऱ्याचं धान्य राखतो. त्याला अपशकुनी ठरवताना आपण कुणाला विचारलं, कोण जाणे!

बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी बराच वेळ गेला. जाळीपलीकडं तो पाय पसरून पडला होता, अगदी आपल्या घरच्या बोक्यासारखा. लेकीनं तोंड वाकडं केलं. "आई, याला कोंडून का ठेवलंय? जंगलात सोडून द्यायचं ना!"

प्रश्न माझ्याही मनात होता. कार्यकर्त्यानं नीट समजावलं. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतं. दबा कसा धरायचा, सावज कसं पकडायचं, माणसापासून दूर कसं राहायचं, हे सगळं आई शिकवते. आई मेली की ही शाळाच बंद. माणसाच्या हातून बाटलीनं दूध प्यायलेलं पिल्लू मोठं झालं तरी त्याला माणसाची भीती वाटत नाही. जंगलात सोडलं तर ते शेवटी गावाकडंच येणार, कोंबड्या-कुत्र्यांवर झडप घालणार आणि मार खाऊन मरणार. म्हणजे पिंजरा काही चांगला नाही. पण ज्याची आई गेली, त्याच्यापुढं दुसरी वाटही फारशी नसते.

मग त्यानं पहिल्या पिल्लाची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी अनेकींनी ती 2014 सालच्या, नाना पाटेकरांच्या चित्रपटामुळं ऐकली असेल. प्रकल्प सुरू झाला त्या सुरुवातीच्या वर्षांत प्रकाशभाऊ आणि मंदाताईंना रानात माडिया गोंड शिकारी भेटले. त्यांनी एक माकडीण मारून आणली होती. ती मेलेली, पण पिल्लू तिच्या छातीला बिलगलेलंच. दूध ओढायला बघत होतं. प्रकाशभाऊंनी ते मागितलं. शिकाऱ्यांना नवल वाटलं, कारण ते त्यांचं खाणं होतं. शेवटी बदल्यात धान्य द्यायचं ठरलं आणि पिल्लू घरी आलं. त्याचं नाव बबली. तिथून हे अनाथालय सुरू झालं. मोठी जनावरं तुम्ही खाता, तर निदान पिल्लं आमच्याकडं आणून द्या, त्याबदल्यात आम्ही धान्य देऊ, कपडे देऊ, असं लोकांना सांगितलं गेलं. लोक पिल्लं आणू लागले.

ऐकता ऐकता मला मंदाताई डोळ्यांपुढं दिसू लागल्या. अंगणात स्वतःची लहान मुलं, त्यांच्यात बिबट्याची पिल्लं, अस्वल, माकड, कुत्रा. शिवाय दवाखान्यात दूरदूरहून चालत आलेले रुग्ण. आपल्याकडं दोन पाहुणे जास्त आले तरी कणीक पुन्हा मळायचा कंटाळा येतो! 2008 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला, हे फार बरं झालं. एरवी अशा कामात घरच्या बाईचं नाव दुसऱ्या ओळीत जातं.

एवढा वेळ गप्प असलेल्या आमच्या चिरंजिवांनी अचानक विचारलं, "ज्यांनी माकडिणीला मारलं, त्यांच्यावर डॉक्टर रागावले नाहीत?"

कार्यकर्ता सहज म्हणाला, "रागावून काय झालं असतं? भूक लागली होती त्यांना."

मुलानं मान खाली घातली. मी दुसरीकडं पाहू लागले.

संध्याकाळी भामरागडला जाऊन संगम पाहिला. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा, तीन नद्यांचा. सासूबाईंनी हात जोडले, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. परत येऊन जेवलो आणि लवकरच अंथरुणाला पाठ टेकली. बाहेर मिट्ट काळोख, रातकिड्यांचा आवाज. सगळे झोपले असं वाटत असतानाच बाजूच्या अंथरुणातून हळू आवाज आला.

"आई..."

"काय रे?"

"त्यांना भूक लागली होती. मला तर भूकपण नव्हती लागली."

मी काही बोलू शकले नाही. हात लांब करून त्याचं डोकं जवळ ओढलं. तेव्हा तो रडला. महिनाभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं. पिल्लं आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. मेलेली पिल्लं त्यानंही पाहिली होती. माझ्या थपडेच्या आधीच त्याला जे कळलं होतं, ते सांगायची सोय मीच ठेवली नव्हती. ती रात्र मी जागून काढली. पोराला मारताना मी विचारलं नव्हतं, "का रे मारलंस?" आणि त्या गावच्या बायकांना भाषण देताना विचारलं नव्हतं, "का गं जाता?"

परत आल्यावर आठवडाभरात मी त्या गावी पुन्हा गेले. या वेळी भाषण नाही. म्हातारीच्या ओट्यावर बसले, चहा घेतला आणि फक्त विचारत गेले. सरकारी योजनेतला गॅस बऱ्याच घरांत होता, पण सिलिंडर रिकामा होऊन कोपऱ्यात उभा. भरायला एकदम पैसे आणायचे कुठून? मोळी फुकट मिळते, सिलिंडरला रोख लागते. साधी गोष्ट! पण इतकी वर्षं काम करून मला ती ओट्यावर बसल्यावर कळली.

मग गटातच एक भिशी सुरू केली. चौदा बायकांनी दर आठवड्याला थोडे थोडे टाकायचे आणि पाळीपाळीनं सिलिंडर भरायचा. फार मोठं काही घडलं असं म्हणणार नाही. पाणी तापवायला चूल लागतेच. तीन जणींनी मधेच भिशी सोडली. मोहाच्या दिवसांत तर सगळ्याच जातात, कारण मोह म्हणजे त्यांचा हातखर्च. पण आता एकटीनं आणि अंधारात जायचं नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. म्हातारी मला म्हणाली, "आता कशी कामाचं बोलली!"

मैत्रिणींनो, जमलं तर मुलांना घेऊन हेमलकशाला नक्की जा. आधी फोन करून जा, पावसाळ्यात टाळा, नद्या फुगल्या की रस्ता बंद होतो. पिंजऱ्यापाशी आरडाओरडा करू नका, खाऊ टाकू नका. आणि घरातल्या आजीला बरोबर न्यायला विसरू नका. अर्धी माहिती तिच्याजवळच असते. आमच्या सासूबाई आता शेजारणींना सांगत असतात, "साळिंदर काटे फेकत नाही बरं!"

गुलेल अजून मागच्या दाराच्या खिळ्याला लटकलेली आहे. मी ती फेकली नाही आणि त्यानंही. रबर वाळून चिरलंय. नवीन आणून दे, असं त्यानं अजून म्हटलेलं नाही.