पाच टनांच्या हिशेबावर धावलेली बार्शी लाईट

काळ्या रानात भरलेली बैलगाडी पावसाळ्यात का रुतते, हे शेतकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. माल साटाभर असतो, पण सगळा भार जमिनीला लागतो तो दोन चाकांखालीच. तोच भार जादा चाकांवर वाटला तर तीच जमीन तो पेलते. या साध्या हिशेबावर सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या भागात एक रेल्वे उभी राहिली. ती म्हणजे बार्शी लाईट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई-मद्रास मोठी लाईन कुर्डुवाडीवरून जात होती. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. बार्शीची पेठ तिथून सुमारे ३५ किलोमीटर आत होती आणि कापूस, धान्य सगळे बैलगाडीने स्टेशनावर यायचे. इथे साडेपाच फुटी मोठी लाईन टाकणे परवडणारे नव्हते. म्हणून कॅलथ्रॉपने अडीच फुटी लाईन सुचवली. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली.

या लाईनीचे रूळ मीटरला जेमतेम १५ किलो वजनाचे होते. आज मोठ्या लाईनीवर ६० किलोचे रूळ असतात, यावरून फरक ध्यानात यावा. रूळ हलका, म्हणून खर्च कमी. पण हलक्या रुळावर दमदार इंजिन चालवायचे कसे, हा खरा प्रश्न होता. कॅलथ्रॉपने नियमच घातला की इंजिन असो वा मालडबा, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये.

त्या नियमात बसणारी पाच इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. हाच बार्शीचा 'ए' वर्ग. या इंजिनाला ओढीची आठ चाके होती, ती एकमेकांना दांड्यांनी जोडलेली. मागे आधाराला आणखी चार. म्हणजे भार सहा आसांवर वाटला गेला. पाणी आणि कोळसा इंजिनावरच, मागे वेगळा टेंडर नाही. त्यामुळे पाण्याच्या वजनाचाही उपयोग रुळावर पकड धरायला व्हायचा. डबेसुद्धा दाबीव पोलादाचे केले. स्वतःचे वजन कमी आणि माल जास्त, हा त्यातला हिशेब. ही सामग्री इकडे पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून तपासून घेतली होती.

लाईन पुढे वाढत गेली. १९०६ साली पंढरपूर, १९११ साली तेव्हाच्या निजाम राज्यातले लातूर आणि १९२७ साली मिरज जोडले गेले. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास झाली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची गर्दी आणि सुगीला शेतमाल, अशी दोन्ही कामे या गाडीने केली. लांबी वाढली तशी १९२० च्या दशकात टेंडरची मोठी इंजिने आली. १९५४ साली सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. पुढे वाफेची जागा डिझेलने घेतली.

पण लहान लाईनीची एक दुखरी बाजूही होती. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. त्यात हमाली, सांडलवंड आणि वेळ जायचा तो वेगळा. रूळ स्वस्त पडले, पण त्याची किंमत वर्षानुवर्षे मालाने मोजली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने ही लाईन मोठी झाली. थोडा मार्ग बदलून उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, तेही जोडले गेले.

त्याचे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पाण्याची गाडी निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. एकेका टाकीत ५० हजार लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ५० टन. जुन्या पंधरा किलोच्या रुळावर हे ओझे झेपलेच नसते. पण लातूरपर्यंत लोखंडी वाट आधी पोचवली होती ती त्या पाच टनी गाडीनेच.

शेतकरी बंधूंना यातून घेण्यासारखे आहे. पाणंद रस्ता मुरूम टाकून केला की लगेच त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या काठोकाठ भरून जातात आणि एका पावसात चाकोऱ्या पडतात. मग दोष मुरमाला! वाट किती भार पेलणार हे आधी ठरवावे, मग त्यावर गाडी भरावी. आणि पुढे माल वाढणार असेल, तर वाट रुंद करायला जागा आजच सोडावी. बार्शी लाईटच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत.