पावसाळ्यात वस्तऱ्याची निगा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नैऋत्य मोसमी पाऊस गोव्याच्या किनाऱ्यावर स्थिरावतो आणि त्यानंतरचे तीन-चार महिने हवेतील सापेक्ष आर्द्रतेची सरासरी ८० टक्क्यांच्या वरच राहते. मीठ पाझरते, पापड सादळतात, कपाटातील कपड्यांवर बुरशी चढते. चतुर्थीच्या साफसफाईसाठी घरातील जुनी पेटी उघडली जाते, तेव्हा तिच्यात जपून ठेवलेल्या वस्तऱ्यावर तांबूस ठिपके उमटलेले आढळतात. वस्तरा वर्षभर कोणी हाताळलेला नसतो, पेटीवर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो; मग गंज आला कोठून, असा प्रश्न घरच्या माणसांना पडतो.

आज सलूनमधून दर गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने ती योग्यच आहे. तथापि अखंड पात्याचा जुना वस्तरा अनेक घरांत अद्याप आहे. नाभिक व्यावसायिकांच्या कुटुंबांत तो वाडवडिलांच्या धोकटीतील हत्यार म्हणून, तर इतर घरांत आजोबांची आठवण म्हणून सांभाळला जातो. इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन येथे घडविलेले असे वस्तरे एके काळी जगभर जात असत. हे पोलाद एकदा खोलवर गंजले की ते पूर्ववत होत नाही. म्हणून गंजाचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

गंज कसा चढतो?

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू अशा दोन्ही गोष्टी लागतात. शाळेत हा प्रयोग सहज करून दाखविता येतो. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी एक स्वच्छ खिळा ठेवावा. पहिल्या नळीत खिळा अर्धा बुडेल इतके साधे पाणी घालावे. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी खिळा पूर्ण बुडेपर्यंत भरून त्यावर तेलाचा थर द्यावा. तिसरीत आर्द्रता शोषून घेणारे निर्जल कॅल्शियम क्लोराइड घालून ती बुचाने बंद करावी. काही दिवसांनी केवळ पहिल्या नळीतील खिळा गंजलेला दिसेल. दुसरीत पाणी असूनही प्राणवायू नव्हता. तिसरीत हवा असूनही पाणी नव्हते. वस्तऱ्याच्या रक्षणाचे सर्व उपाय ह्याच दोन तत्त्वांवर आधारलेले आहेत.

गंजण्यासाठी डोळ्यांना दिसणारे पाणी असावेच लागते असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर धरू लागतो आणि गंजण्याची गती वाढते. त्या पृष्ठभागावर मीठ असेल तर ह्याहून कमी आर्द्रताही पुरते. किनाऱ्यावरील वाऱ्यात समुद्राचे क्षार असतात. माणसाच्या घामातही मीठ असते. म्हणूनच पात्याला लागलेल्या बोटांचे ठसे काही दिवसांनी गंजाच्या रूपाने उमटतात.

जुन्या वस्तऱ्याचे पाते सुमारे १ टक्का कर्ब असलेल्या पोलादाचे असते. कर्बामुळे त्याला कठीणपणा येतो व धार टिकते. परंतु गंजरोधक पोलादात असणारे निदान साडेदहा टक्के क्रोमियम त्यात नसते. शिवाय धारेची कड मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. कोयत्यावर आलेला एखादा गंजाचा ठिपका निसण्यावर घासून काढता येतो. तेवढाच ठिपका वस्तऱ्याच्या धारेवर आला तर धार तेथे खचते. गंजाचा थर सच्छिद्र असल्याने तो ओलावा धरून ठेवतो आणि त्याखाली पोलाद झिजतच राहते.

बंद पेटीचा धोका

वस्तरा वापरल्यामुळे जितका खराब होतो, त्याहून अधिक तो ठेवून दिल्यामुळे खराब होतो. दाढी झाल्यावर पाते वरवर पुसून वस्तरा लगेच मिटला जातो. साबणाचे पाणी खिळीजवळ आणि मुठीच्या दोन फाकांमधील फटीत शिरून बसते. असा वस्तरा पेटीत घातला की ओलावा आतच कोंडला जातो. रात्री हवा गार होताच पेटीतील वाफ गार पात्यावर दवासारखी जमते. पेटी बाहेरचा ओलावा रोखते, त्याचप्रमाणे आतला ओलावाही रोखून धरते. पेटी बंद करण्यापूर्वी वस्तरा पूर्ण कोरडा असणे, हाच ह्या विषयातील मुख्य नियम होय.

ठेवण्यापूर्वी करावयाची कामे

वस्तरा स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसावा. पुसताना कापड पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावे. धारेवरून आडवे ओढू नये. मुठीच्या फटीतून कापडाची अरुंद पट्टी सरकवून तेथील पाणी टिपावे. त्यानंतर वस्तरा अर्धवट उघडून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा हवेशीर जागी काही तास ठेवावा. शिंगाची किंवा हस्तिदंताची मूठ उन्हाने पिळवटते वा तडकते, म्हणून वस्तरा उन्हात वाळवू नये.

कोरड्या पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. शिवणयंत्राचे तेल किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन ह्या कामी उत्तम. ही खनिज तेले खवट होत नाहीत. खोबरेल घरोघरी असते व चार-आठ दिवसांपुरते चालते. परंतु जुने झाल्यावर ते खवटते आणि त्यातील आम्ले पोलादास बाधतात. जवस, करडई यांसारखी तेले हवेत चिकट होतात, म्हणून ती टाळावीत. खिळीवरही तेलाचा एक थेंब सोडावा. तेल लावल्यानंतर पात्याला बोटे लावू नयेत.

कोठे आणि कशात ठेवावा?

चामड्याची म्यान, मखमलीचे अस्तर आणि वर्तमानपत्राचा कागद ह्या तिन्ही गोष्टी ओलावा धरतात. चामड्यात कमावण्याच्या क्रियेतील क्षार व आम्लेही उरलेली असू शकतात. नाभिकाची चामडी धोकटी रोजच्या कामासाठी सोयीची होती, कारण तिच्यातील वस्तरा दररोज बाहेर निघून पट्ट्यावर फिरत असे. महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी मात्र ती योग्य नाही. तेल लावलेला वस्तरा मेणकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. डबा न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा ओल आलेल्या भिंतीपासून दूर असावा.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवल्यास आतील हवा कोरडी राहते. झाकण सैल असेल तर ही पुडी बाहेरचीच आर्द्रता शोषून लवकर निकामी होते. रंग बदलणारे निळे दाणे ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात. अशा वेळी पुडी बदलावी. हे दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

मुठीकडेही लक्ष असावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुष्कळ वस्तऱ्यांना सेल्युलॉइडच्या मुठी बसविण्यात येत. हा पदार्थ जुना झाल्यावर विघटित होतो आणि त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात. नेमका मुठीत मिटणारा पात्याचा भागच गंजत असेल आणि मुठीला तडे किंवा उग्र वास येत असेल, तर दोष हवेचा नसून मुठीचा समजावा. असा वस्तरा इतरांपासून वेगळा व विस्तवापासून दूर ठेवावा, कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेते.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडून वस्तरा पाहावा, पुसावा व पुन्हा तेल लावावे. त्यासाठी पाऊस उघडलेला दिवस निवडावा.

गंज आढळल्यास

तांबूस, भुकटीसारखा गंज नुकताच आलेला असतो. त्यावर तेल लावून काही तास ठेवावे आणि मऊ कापडाने हलके पुसावे. काचकागद वापरू नये. त्याचे ओरखडे पुढे ओलावा धरतात. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने लखलखीत होतात, म्हणून तोच उपाय वस्तऱ्यावर केला जातो. परंतु आम्लामुळे पोलादाची झीज होते व पुढील गंजास वाट मिळते. पात्यावरील सारखी, काळसर झाक मात्र सहसा निरुपद्रवी असते; ती खरवडण्याचे कारण नाही. धारेवर खड्डे पडले असल्यास घरी प्रयोग न करता वस्तरा जाणत्या कारागिराकडे न्यावा.

गंजामुळे धनुर्वात होतो, ही समजूत अर्धवट खरी आहे. धनुर्वाताचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. गंजाने पडलेल्या खड्ड्यांत अशी घाण अडकून राहते व ते नीट स्वच्छ करता येत नाहीत. त्यामुळे खड्डे पडलेल्या वस्तऱ्याने दाढी करू नये. तसेच कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग रक्त लागलेल्या पात्यातून होऊ शकत असल्याने एकाचा वस्तरा दुसऱ्याने कदापि वापरू नये.

ह्या साऱ्या निगेला फार खर्च येत नाही. सुती कापड, तेलाची लहान बाटली, मेणकागद आणि घट्ट झाकणाचा डबा एवढ्यावर काम भागते. तीन पिढ्यांपूर्वीचे पोलाद पुढच्या पावसाळ्यानंतरही तसेच राहावे असे वाटत असेल, तर मृगाच्या आधीच एकदा ती पेटी उघडून पाहावी.