आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात डीपीजवळ घटकाभर उभं राहावं आणि माणसांचं बोलणं ऐकावं. एक फेज गेलाय, स्टार्टर ट्रिप होतोय, मोटर रिवाइंडिंगला टाकलीय, ड्रिपची लॅटरल उंदरांनी कुरतडलीय, बँकेत केवायसी अडकलंय. शाळेचं तोंड न पाहिलेला म्हाताराही हे शब्द बिनचूक जागी वापरतो. आणि त्याचीच दहावी-बारावीची नातवंडं सांगतात, ‘आम्हाला इंग्रजी येत नाही.’ मला हे कधीच पटलेलं नाही. शब्द त्यांच्याजवळ पुष्कळ आहेत, ते वेळेवर तोंडात येत नाहीत, एवढंच.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, इंग्रजी हा सक्तीचा विषय. म्हणजे इथल्या मराठी मुलाच्या वाट्याला इंग्रजी तिसरी भाषा म्हणून यायची. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. एवढ्यावर पुढं जायला हरकत नाही, पण हिप्परग्याचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. लोहारा तालुक्यातल्या या गावात 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक होते. याच स्वामीजींनी हैदराबादच्या मुक्तिलढ्याच्या आठवणी पुढे इंग्रजीत लिहिल्या आणि ते पुस्तक 1967 साली निघालं. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठवाडी मुलाला ही गोष्ट सांगावी असं मला मनापासून वाटतं.

आता शब्दांकडे येऊ. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात काम करत होता. बंगाली मुलांचे हाल पाहून त्यानं मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तकं काढली. 1953 साली त्याची सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे 2,000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला, की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. पण बोलायला सुरुवात करण्यासाठी पहिले दोन हजार भरपूर झाले. स्पर्धा परीक्षेची मुलं मात्र वर्षातून एकदाही कानावर न पडणारे शब्द घोकत बसतात, हे पाहून जीव तुटतो. शब्द लक्षात ठेवायला चपलेचं खोकं पुरतं. त्यात पाच कप्पे करायचे. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. मागचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं ही रीत 1972 मध्ये मांडली. चिठ्ठीवर एकटा शब्द मात्र लिहू नये, आपल्या घरातलं एक वाक्य लिहावं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मला तिच्याविषयी आदर आहे. वाक्य कसं रचायचं ते तिनं शिकवलं. पण रचता येणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. जीभ सुटायला वेगळा रियाज लागतो, आणि हा सगळा लेख मी खरं तर त्या रियाजासाठीच लिहायला घेतला.

हा रियाज इंग्रजीचे शिक्षक कीथ मॉरिस यांनी 1983 साली सांगितला. नेशन यांनी पुढे त्यावर अभ्यास केला. ओळखीचा विषय घ्यायचा आणि एका जोडीदाराला चार मिनिटं सांगायचा. मग दुसऱ्या जोडीदाराला तेच तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. नवीन शब्द घालायचे नाहीत, ऐकणाऱ्यानं मध्ये चुका काढायच्या नाहीत. पहिल्या वेळी डोकं तीन कामांत गुंतलेलं असतं: काय सांगू, कुठल्या शब्दात सांगू, वाक्य कसं जुळवू. दुसऱ्या वेळी काय सांगायचं ते ठरलेलं असतं, तिसऱ्या वेळी शब्दही हाताशी असतात. ऐकणारा दर वेळी नवा, म्हणून गोष्ट पहिल्यापासून सांगावीच लागते. वेळ कमी, म्हणून अडखळायला उसंत मिळत नाही.

भूम तालुक्यातल्या एका शाळेत मी हा प्रयोग घेतला. आठवीतल्या एका मुलीनं विषय निवडला घरची शेळी. आपली उस्मानाबादी शेळी, काळीभोर, बहुधा जुळी करडं देणारी. पहिल्या फेरीत ती ‘माय गोट... ब्लॅक... टू...’ म्हणून थांबली, छताकडे बघत राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. करडाला ‘किड’ म्हणतात हे तिला ठाऊक होतं, पण ते आठवलं तिसरं मिनिट संपताना. दुसऱ्या फेरीत तो शब्द सुरुवातीलाच आला. तिसऱ्या फेरीत शेळी रात्री कधी व्याली, आजीनं करडं पोत्यानं कशी पुसली, एक करडू दूध ओढेना तेव्हा बाटलीनं कसं पाजलं, हे सगळं दोन मिनिटांत बसलं. क्रियापदाचे काळ दोन-तीनदा चुकले, पण ती थांबली नाही. घंटा झाली तशी म्हणाली, ‘सर, अजून एकदा सांगू का?’

विषय असेच घ्यावेत. येरमाळ्याच्या यात्रेत चुन्याचे खडे वेचतात ते, नळदुर्गचा पाणीमहाल, सोयाबीनची काढणी. माझा स्वतःचा आवडता विषय तेर. गोरोबाकाकांचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेली बाजारपेठ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मी पुन्हा पुन्हा जातो. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांनी केव्हाच नोंदवलं आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे सांगायला अवघड शब्द लागत नाहीत. बाजार, समुद्र, जहाज, मणी, हस्तिदंत, राजा: यातले बहुतेक इंग्रजी शब्द तेरच्या सातवीतल्या पोराला आजच येतात. त्यानं पहिली फेरी भावाला सांगावी, दुसरी मित्राला, तिसरी मोबाइलवर रेकॉर्ड करावी, आणि पुढच्या रविवारी संग्रहालयाच्या दारात कुणी परगावचा माणूस दिसला की सरळ पुढं होऊन बोलायला लागावं.