पिशवी काढण्याआधी पुरावा विचारा



दिवाळीच्या आगेमागे गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. निघण्याआधी दुखण्याखुपण्याचा निकाल लावायची घाई असते. फडात दवाखाना जवळ नसतो, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. अंगावरून जास्त जाते, पांढरे जाते, कंबर धरते, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते. तिथे कुणी सांगते, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." घरी आल्यावर जाऊबाई म्हणते, "माझी काढली, मी बरी आहे की." झाले, ऑपरेशन ठरते आणि त्यासाठी पुन्हा उचल घेतली जाते.

हा निर्णय कशाच्या आधारावर झाला? एकाचा शब्द आणि एकीचा अनुभव, एवढ्यावर. शरीराचा अवयव कायमचा काढायचा तर आधार याहून भक्कम हवा. तो कसा तयार होतो आणि पिशवीच्या बाबतीत तो काय सांगतो, हे आज आम्ही मांडत आहोत.

आपल्या जिल्ह्याचा आकडा

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे उघड झाले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हेच प्रमाण देशात शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, तरी एवढी तफावत नुसत्या आजारपणाने पडत नाही. तिच्यामागे गरिबी, कामाची सक्ती, भीती आणि काही ठिकाणी पैशाचा लोभही आहे.

शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही

शितावरून भात शिजला का ते कळते, कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजतात. माणसांचे तसे नसते. जाऊबाईला बरे वाटले ते ऑपरेशनमुळे, सोबत दिलेल्या औषधांमुळे की महिनाभर मिळालेल्या विश्रांतीमुळे, हे एका उदाहरणावरून सांगता येत नाही. जिला त्रास झाला ती बाई तर आपल्यापर्यंत पोहोचतही नाही.

म्हणून आरोग्य संशोधकांनी एक रीत बसवली आहे. तिला पद्धतशीर आढावा म्हणतात. आधी प्रश्न पक्का ठरवतात, उदाहरणार्थ, पाळीत जास्त रक्त जात असेल तर गोळ्या बऱ्या की ऑपरेशन? मग जगभरात या प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास शोधतात. मनासारखे तेवढे घ्यायचे आणि बाकीचे झाकायचे, हे चालत नाही. अभ्यासांची निवड दोन संशोधक वेगवेगळी करतात, म्हणजे एकाच्या मर्जीवर काम चालत नाही. प्रत्येक अभ्यास नीट झाला का, पैसा औषध कंपनीचा होता का, हेही तपासतात. शेवटी सगळ्यांचा मिळून निष्कर्ष काढतात. नवे अभ्यास आले की आढावा पुन्हा केला जातो.

आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ मध्ये पुस्तक लिहून उपचारांना पुराव्याची कसोटी लावण्याचा आग्रह धरला. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये कॉक्रेन ही संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हातच एक गोष्ट आहे. बाळंतपण वेळेआधी होणार असे दिसल्यास आईला स्टेरॉइडचे स्वस्त इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. याचा पहिला मोठा अभ्यास १९७२ मध्ये आला, पुढे आणखी झाले. पण सगळे एकत्र मांडणारा आढावा १९८९ पर्यंत निघालाच नाही. तोवर बहुतेक डॉक्टर हे इंजेक्शन देत नव्हते आणि त्यापायी हजारो बाळे नाहक गेली असावीत. पुरावा होता, पण विखुरलेला होता. आज आपल्याकडे सरकारी नर्सताईंनाही दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या बाईला हे इंजेक्शन देऊन पुढे पाठवण्याची मुभा आहे.

पिशवीबद्दल पुरावा काय सांगतो?

पाळीत जास्त रक्त जाण्यावर ऑपरेशन बरे की औषधोपचार, याचा कॉक्रेनचा आढावा २०१६ मध्ये निघाला. त्यात १५ अभ्यास आणि १,२८९ महिला होत्या. तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपेक्षा ऑपरेशनने रक्त जास्त थांबते, हे त्यात दिसले. ते आम्ही लपवत नाही. पण पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या साधनानेही बायांचे जगणे जवळपास तेवढेच सुसह्य झाले. पिशवी काढण्यात मात्र गंभीर गुंतागुंतीचा धोका असतो. २०२२ च्या मोठ्या आढाव्यातही सुरुवातीच्या उपचारांत हे साधनच सर्वांत पुढे राहिले. रक्त कमी करणाऱ्या गोळ्यांचाही उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. एक ध्यानात ठेवा. हे साधन म्हणजे आपली नेहमीची तांबी नव्हे. तांबीने रक्तस्राव उलट वाढू शकतो.

पांढरे जाण्याचे कारण अनेकदा जंतुसंसर्ग असते. १९८९ मध्ये डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० महिला तपासल्या. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात आठच. अशा संसर्गावर औषधे आहेत. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर पाळी एकदम जाते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याची लक्षणे काही वर्षे आधी सुरू होऊ शकतात. तिशीतल्या ऊसतोड बाईला पुढे वीस-पंचवीस वर्षे मोळ्या उचलायच्या असतात.

याचा अर्थ हे ऑपरेशन कधीच करू नये असा नाही. कॅन्सर, त्रास देणाऱ्या मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, कोणत्याच औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, अशा वेळी ते गरजेचे ठरते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर रक्त गेले किंवा दुर्गंधी येणारे पाणी जात असेल, तर एक दिवसही न दवडता तपासणी करा.

कॅन्सरची भीती आणि शेजारच्या जिल्ह्याचा पुरावा

कॅन्सरच्या भीतीवर पहिले उत्तर तपासणी आहे. याचा जगात गाजलेला पुरावा आपल्या शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून आला. तिथल्या खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला या अभ्यासात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्ही ही तपासणी एकदा केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न केलेल्या गटाच्या निम्म्यावर आले.

एका गटाला तपासणी दिली नाही, यावर पुढे टीकाही झाली आणि ती योग्यच होती. मराठवाड्यातल्या गरीब बायांच्या जिवावर जगाला पुरावा मिळाला. तो आज आपल्या वस्तीत उपयोगी पडावा, हा आपला हक्क आहे.

दवाखान्यात हे विचारा

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले किंवा मोठ्याने सांगितले म्हणून काही मानू नका, पारखून घ्या. डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

• मला नेमका कोणता आजार आहे? सोनोग्राफी व तपासण्यांत काय दिसले?
• आधी औषधाने किंवा साधनाने उपचार करता येईल का? किती महिने वाट पाहायची?
• ऑपरेशन केले नाही तर काय होईल?
• अंडाशये ठेवणार की काढणार? का?
• कॅन्सर म्हणता, तर कोणत्या तपासणीवरून?

उत्तरे मिळाली नाहीत तर सही करू नका. कागद सोबत घेऊन गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्या. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१९ च्या प्रकारानंतर बीड जिल्ह्यातील खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले. राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक ऑपरेशने रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना बजावले. "परवानगी घेतली का?" हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

बंधूंनो, तुम्हालाही सांगणे आहे. कोयता जोडीचा असतो, तसा हा निर्णयही जोडीने समजून घ्या. बाईच्या दुखण्याला "खाडा पडेल" हे उत्तर होऊ शकत नाही. टोळी निघण्याआधी वस्तीतल्या महिलांनी आशाताईंना विहारात बोलवावे, हे पान मोठ्याने वाचावे आणि जिला त्रास आहे तिला दोघी-तिघींनी मिळून तपासणीला न्यावे. जुने कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा आणि फडावर जाताना सोबत न्या.