प पतंगाचा, पी ‘पापा’चा

आमच्या पौडचं नाव फोनवर सांगितलं की पलीकडे बऱ्याचदा ‘दौंड’ ऐकू जातं. दौंड पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेचं मोठं जंक्शन. पौड पश्चिमेला, मुळशी तालुक्याचं ठिकाण. गेल्या पावसाळ्यात आईच्या औषधांचं पार्सल असंच दौंडला गेलं आणि चार दिवसांनी आमच्याकडे आलं. तेव्हापासून मी सांगतो, ‘पौड, प पतंगाचा.’ ऐकणाऱ्याला लगेच कळतं. शाळेच्या पहिल्या वर्षी त्यानंही तेच घोकलेलं असतं.

वैमानिकही हेच करतात. ‘पी’ सांगायचा तर ते ‘पापा’ म्हणतात. आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांच्या तोंडून ‘पापा, आल्फा, युनिफॉर्म, डेल्टा’ असं येईल.

इंग्रजीत बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठ अक्षरं ‘ई’ या एकाच स्वरावर संपतात. फरक असतो तो सुरुवातीला, ओठ किंवा जिभेच्या निमिषभराच्या हालचालीत. साधा टेलिफोन आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो आणि विमानातला रेडिओही साधारण तितकाच. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर राहते, म्हणून एस आणि एफ एकसारखे वाटतात. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नायसली या अमेरिकी संशोधकांनी १९५५ साली गोंगाटात इंग्रजी व्यंजनं ऐकवून श्रोते कुठे फसतात ते मोजलं. आपली वर्णमाला ज्यावर रचली आहे, ते कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे उच्चारस्थान गोंगाटात सगळ्यात आधी पुसलं जातं, असं त्यात दिसलं. घोष आणि नासिक्य मात्र बराच वेळ तग धरतात. प, त, क यांची म्हणूनच सरमिसळ होते.

पण मग पौडचं दौंड का व्हावं? प अघोष, द घोष, शिवाय दौंडला अनुस्वार. माझ्या मते इथे कानापेक्षा मन जास्त ऐकतं. पलीकडच्या माणसाला दौंड ठाऊक असतं, पौड नसतं. अर्धवट ऐकलेल्या आवाजाला तो ओळखीचं नाव देऊन मोकळा होतो.

ही गोष्ट ध्यानात ठेवून ज्यानं काम केलं त्याचं नाव झाँ-पॉल विने, माँट्रियल विद्यापीठातला भाषाशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज-अमेरिकी सैन्य ‘एबल, बेकर, चार्ली’ वापरत होतं. ते इंग्रजी कानांना सोयीचं होतं, इतरांना नव्हतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेसाठी विनेनं इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना ओळखीचे शब्द निवडले. १९५१ साली ही यादी विमानांत वापरात आली आणि तक्रारी सुरू झाल्या. तिच्यात सी म्हणजे ‘कोका’, एम म्हणजे ‘मेट्रो’, एन म्हणजे ‘नेक्टर’ होतं. ‘नेक्टर’ आणि ‘व्हिक्टर’ एकमेकांत मिसळू लागले, ‘डेल्टा’ आणि ‘एक्स्ट्रा’ही. मग ३१ देशांच्या लोकांवर चाचण्या झाल्या. सी, एम, एन, यू आणि एक्स या पाच अक्षरांचे शब्द बदलले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो एफसाठी तपासलेल्या ‘फुटबॉल’चा निकाल. एकटा ऐकवला तर ‘फुटबॉल’ हा ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा चांगला समजतो. सलग बोलण्यात मात्र ‘फॉक्सट्रॉट’च सरस ठरतो. म्हणजे शब्द एकेकटा निवडून भागत नाही. एक बदलला की तो यादीतल्या दुसऱ्याच कुणाला तरी जाऊन धडकतो. स्पेलिंगमध्येही हीच काळजी दिसते. ‘आल्फा’ एफ घालून लिहितात, कारण पी-एच म्हणजे फ हे प्रत्येक भाषेत ठरलेलं नाही. ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन टी, कारण फ्रेंच माणूस शेवटचा एकटा टी उच्चारत नाही.

‘एबल, बेकर’च्या जुन्या यादीतला एक शब्द मात्र मागे राहून गेला. मोर्सच्या तारेत ‘मिळालं’ यासाठी इंग्रजी ‘रिसीव्ह्ड’चा आर पाठवत आणि तेव्हा आर म्हणजे ‘रॉजर’. पुढे आरचा ‘रोमिओ’ झाला, ‘रॉजर’ टिकला. त्याचा अर्थ ‘हो’ नव्हे, ‘तुमचं सगळं ऐकू आलं’ एवढाच. सांगितलेलं करणार असाल तर ‘विल्को’ म्हणायचं. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ तर अशक्यच, कारण ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला आणि ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं. संकटातली ‘मेडे’ची हाक १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवली. तिथली बरीच विमानं पॅरिसला जात-येत, म्हणून ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच ‘मेदे’वरून ती घेतली. मोर्समधलं एसओएस तोंडी चालत नव्हतं, एस ऐकूच येत नसे.

एवढं करूनही बोलणं फसतं. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एक विमान परवानगीविना धावू लागलं होतं. त्याच्या सहवैमानिकानं ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं संदिग्ध वाक्य सांगितलं. त्यावर नियंत्रकाचं ‘थांबा’ आणि दुसऱ्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे एकाच वेळी निघालं. एका कंपनसंख्येवर दोन आवाज आले की विमानाच्या रेडिओत किंचाळी उमटते. त्या किंचाळीत ही दोन्ही वाक्यं बुडाली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा मागे घेताना उच्चारतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. एका शब्दाला असं राखून ठेवावं लागलं, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो.

भारतीय विमानाची ओळख ‘व्हिक्टर टँगो’नं सुरू होते. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या पस मॉथ विमानाच्या अंगावर व्हीटी-एडीएन असं लिहिलेलं होतं. त्यात रेडिओच नव्हता, हाक मारणार कशानं? आज जुहूहून निघालेली हेलिकॉप्टरं आमच्या डोक्यावरून जातात. २४ ऑगस्ट २०२४ रोजी हैदराबादला निघालेलं एक पौडजवळ कोसळलं. आतले चौघंही वाचले. विमानाच्या रेडिओलहरी सरळ रेषेत जातात, सह्याद्रीचा कडा आडवा आला की क्षीण होतात. खालून उडणाऱ्या यंत्राचा तुटक आवाज या दरीतून जेमतेम पोचतो, तेव्हा ते निवडून घेतलेले शब्दच हाताशी असतात.

वैमानिकांची आणखी एक रीत मी उचलली आहे. नियंत्रकानं दिलेला आदेश वैमानिक जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो आणि चुकला तर नियंत्रक तिथेच थांबवतो. परवा औषधांसाठी पुन्हा फोन केला. ‘प पतंगाचा’ सांगून झाल्यावर म्हटलं, ‘ताई, एकदा म्हणून दाखवता का?’ तिनं न कंटाळता म्हणून दाखवलं, ‘पौड, प पतंगाचा, तालुका मुळशी.’