उभें राहतांना येणारी चक्कर

श्रोतेहो, "चक्कर येते" एवढेंच सांगून रोगी थांबतो, आणि वैद्याची अडचण तेथूनच सुरू होते. कोणाला भोंवतालची खोली गरगर फिरतांना दिसते, कोणाचा चालतांना झोक जातो, तर कोणाच्या डोळ्यांपुढें अंधारी येऊन आतां आपण पडणार असें वाटतें. मेंदूला रक्त कमी पडल्यानें येते ती बहुधा ही तिसरी. मात्र शब्दांवर फार विसंबूं नये. चक्कर कशानें येते व किती वेळ टिकते, हें अधिक भरंवशाचें.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. पण हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें १५ टक्के वांटा तो एकटा घेतो. माणूस उभा राहतांच अर्धा ते एक लिटर रक्त पोटांत व पायांत उतरतें. मानेंतील मोठ्या रोहिणींच्या भिंतींत दाब ओळखणारे मज्जातंतूंचे शेंडे असतात. त्यांच्या इशाऱ्यासरशीं हृदयाची गति वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व तोल सांवरतो. वार्धक्य, जुना मधुमेह, जुलाब, रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या यांनीं ही व्यवस्था ढिली पडते.

ओळखण्याची रीत साधी आहे. रोग्याला पांच मिनिटें निजवून दाब मोजावा. मग उभें करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हां मोजावा. वरचा आंकडा २० नें किंवा खालचा १० नें उतरला, तर निदान झालें. नाडीही पाहावी. दाब उतरूनही ती फारशी वाढली नाहीं, तर दोष मज्जातंतूंचा असण्याचा संभव अधिक. भरभर वाढली तर शरीरांत पाणी किंवा रक्त कमी आहे काय, हें शोधावें. एवढी पांच-सात मिनिटें खर्चण्याचा मात्र आपल्याकडे कंटाळा! आमच्या एका आत्याबाई चार महिने मानेला पट्टा बांधून होत्या. रात्रीं न्हाणीघराकडे जातांना पडल्या, तेव्हां कोणीं तरी त्यांना उभें करून दाब मोजला: निजून १५०, उभ्यानें ११८. गोळ्या बदलल्या आणि पट्टा सुटला. उतारवयांत बहुतेकांच्या मणक्यांची झीज क्ष-किरणांत दिसतेच. तेवढ्यावरून चक्कर मानेच्या माथीं मारूं नये.

अंथरुणांत नुसतें कुशीवर वळतांच खोली फिरली, तर संशय कानावर घ्यावा. कूस बदलल्यानें मेंदूचें रक्त कमी होत नाहीं.

पण चक्करेबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसणें, बोबडी वळणें, गिळतां न येणें, एका अंगाची शक्ति जाणें, आधाराशिवाय उभें न राहवणें, यांपैकीं कांहींही असेल, तर मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडला असण्याची भीति असते. दहा मिनिटांत बरें वाटलें तरी सकाळची वाट पाहूं नये. अशा वेळीं सीटी स्कॅन पुष्कळदां निर्दोष येतो. एमआरआय अधिक उपयोगी, तरी पहिल्या दोन दिवसांत तोही क्वचित् चकवतो. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. म्हणून रुग्णालयांत घरच्या मंडळींना आरंभींच विचारतात तें हें, कीं रोगी शेवटचा धडधाकट केव्हां दिसला होता. ती वेळ कागदावर टिपून न्यावी, आणि चालूं असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटेंही.